गौरीचं दार

आमच्या घरात पलंगामागे फळ्या उभ्या असायच्या. जाड, काळपट, तेलाचा वास येणाऱ्या. पाहुणे विचारायचे, "माळा करताय वाटतं?" सासूबाई म्हणायच्या, "नाही, ते गौरीचं दार आहे." पाहुण्यांना काही उमगायचं नाही, आणि मग सासूबाई चहा ठेवायला मला सांगून सगळी हकिकत पहिल्यापासून लावायच्या. त्या सांगत तेव्हा ती हकिकत मोठ्या अभिमानाची असे. माझ्या तोंडून ती तशी येणार नाही, कारण फळ्या मी उचलत होते. अजूनही हवा कुंद झाली की माझा उजवा खांदा ठणकतो आणि मला वाळत घातलेले कपडे काढण्याच्या आधी त्या फळ्या आठवतात.

गिरण्यांचा संप व्हायच्या आदल्या वर्षी लग्न होऊन मी देवगडकडच्या गावातून मुलुंडला आले. स्टेशनच्या पूर्वेला, मिठागरं सुरू व्हायच्या जरा अलीकडे आमची वस्ती. मध्ये गल्ली आणि दोन्ही अंगांना घरांच्या रांगा. एक रांग आम्हा कोकणातल्या लोकांची, बहुतेक घरांतले पुरुष गिरणीत. समोरची रांग बौद्ध घरांची, सातारा-नगरकडून आलेली. गल्ली जिथे संपते तिथे नाला, आणि नाल्याला लागून अगदी शेवटचं घर आमचं. पश्चिमेच्या डोंगरातून निघून, रुळांखालून येऊन तो नाला पुढे खाडीला मिळायचा. एरवी त्यात कारखान्यांचं पाणी वाहायचं, कधी निळं, कधी जांभळं. सासूबाई एकट्या त्याला नदी म्हणायच्या. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं, पण सासर नवीन होतं म्हणून पदर तोंडाशी धरला.

पावसाळ्यात मात्र हसण्यासारखं काही राहत नसे. वरून पाऊस आणि खालून खाडीची भरती असं दोन्ही एकदम आलं की नाला उलटा फिरायचा आणि गल्लीत शिरायचा. पलंग विटांवर, पिठाचा डबा पलंगावर, स्टो डब्यावर, आणि आपण त्याच्याशेजारी पाय वर घेऊन. पाणी ओसरलं की चिखल काढायचा, भिंती पुसायच्या, आणि पुढच्या भरतीची वाट बघायची. पहिल्या पावसाळ्यात मी रडले. दुसऱ्या पावसाळ्यापासून रडण्याचा कंटाळा यायला लागला.

मग एक संस्था आली. संस्थेची एक ताई होती, सुती साडी, खांद्याला पिशवी, पायात साध्या चपला. बाई प्रामाणिक होती, उगाच नावं ठेवणार नाही. चिखलातून यायची, कुणाच्याही घरात मांडी घालून बसायची, कपाला टवका असला तरी चहा प्यायची. तिचं म्हणणं, महापालिका सिमेंट आणि लोखंड देईल, संस्था मिस्त्री देईल आणि मेहनत वस्तीने करायची. नाल्याच्या काठाने भिंत बांधायची. "तुमची वस्ती, तुमची भिंत," असं ती प्रत्येक बैठकीत म्हणायची. संपामुळे पुरुष घरीच बसलेले. हातांना काम नाही आणि डोक्यात नुसता राग. त्यांना ती भिंत देवाने धाडल्यासारखी वाटली.

मोठी बैठक समोरच्या रांगेतल्या विहाराच्या ओट्यापुढे झाली. ताईने चुना घेऊन जमिनीवर वस्तीचा नकाशा काढला आणि सगळ्यांना म्हणाली, आपापलं घर दाखवा, पाणी कुठून येतं दाखवा. बायका आधी लाजल्या, मग एकमेकींची घरं सरकवायला लागल्या. एक कोंबडी नकाशावरून चालत गेली तेव्हा कुणीतरी म्हणालं, पाणी असंच येतं बघा, कुणाला न विचारता. खूप हसलो आम्ही. ताईने सगळं विचारलं. भिंत कुठून कुठपर्यंत, उंची किती, दगड कुठला, काम कुठल्या वारी. शेवटी म्हणाली, "आणखी कुणाला काही सांगायचं आहे? बायकांपैकी कुणाला?"

तेव्हा सासूबाई उठल्या. बैठकीत त्या कधी बोलत नसत. "भिंत बांधा," त्या म्हणाल्या, "पण गौर खंयसून हाडूची?"

गौर आणायची कुठून, हा प्रश्न ताईला काही कळला नाही. तिला समजावून सांगावं लागलं. आमच्याकडे गौर म्हणजे तेरड्याची रोपं. गणपती बसले की एक-दोन दिवसांनी बायका पाणवठ्यावर जातात, काठावरचा तेरडा उपटून, धुऊन, पाण्याच्या तांब्यासकट घरी आणतात. आणणारीने वाटेत बोलायचं नाही. गौर माहेरी येते, तीन दिवस राहते, गोडधोड खाऊन परत जाते. नाल्याच्या काठाला दरवर्षी तेरडा उगवायचा, पाणी निळं असो की जांभळं. भिंत झाली की काठ पलीकडे जाणार होता.

"नळावरून आणा की," पुरुषांतून कुणी म्हणालं.

"नळ सकाळी तासभर येता," सासूबाई म्हणाल्या. "गौर काय लायनीत उभी ऱ्हवतली?"

आमच्या रांगेतल्या बायका एकदम त्यांच्या बाजूने बोलायला लागल्या. मला आश्चर्य वाटलं. ज्यांची मुलं पाण्यातून खांद्यावर न्यावी लागत होती त्यासुद्धा म्हणाल्या, वाट पाहिजे. समोरच्या रांगेत माझी एक मैत्रीण झाली होती, औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची, उंच, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "मावशी, तुमची गौर येते तीन दिवस, पाणी येतं चार महिने. तुमच्या गौरीपायी आमच्या घरात नाला घेऊ का?" तिचं काही चुकलं नव्हतं. मला मनातून तिचंच पटलं होतं, पण सुनेने बैठकीत सासूविरुद्ध बोलायचं म्हणजे घरी जाऊन जेवायचं कसं?

बरीच वादावादी झाली. ताईला मात्र आनंद झालेला दिसला. लोक भांडताहेत म्हणजे लोक सहभागी होताहेत, असं तिचं गणित होतं. शेवटी मिस्त्रीने तोडगा काढला. गल्लीच्या नाल्याकडच्या टोकाशी भिंतीत एक वाट ठेवायची, खाली नाल्यापर्यंत पायऱ्या. वाटेच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचे खांब, खांबांना उभ्या खाचा. पाणी चढायला लागलं की खाचांतून एकावर एक फळ्या सोडायच्या, फटींत चिकणमाती लिंपायची. पाणी उतरलं की फळ्या काढायच्या. माझ्या मैत्रिणीनेही मान हलवली. सगळ्यांनी हात वर केले. ताईने टाळ्या वाजवल्या, मग आम्हीही वाजवल्या.

भिंत बांधली ती मात्र झकास. डोंगराच्या बाजूच्या खाणीतून दगड आला. पुरुष दगड लावत होते, आम्ही बायका साखळी करून घमेली पुढे देत होतो. दोन्ही रांगांतल्या बायका एका साखळीत, एकीच्या हातातून दुसरीच्या हातात. माझ्या नवऱ्याच्या, यांच्या हाताला गिरणीतल्या सुताची सवय, दगडाची नाही. पण संध्याकाळी हात दुखतात म्हणून तक्रार करतानाही यांचा चेहरा खुललेला असायचा. किती महिन्यांनी माणूस दमून घरी आला होता. उद्घाटनाला नगरसेवक आले, नारळ फुटला, फोटो निघाला. फोटोत मी घमेलं घेऊन उभी आहे. घमेलं रिकामं होतं, फोटोवाल्याने हातात दिलं होतं.

फळ्याही तयार झाल्या. त्या कुठे ठेवायच्या यावर जरा चर्चा झाली. विहारात जागा नव्हती, गणपतीच्या मंडळाच्या पेटाऱ्यात मावत नव्हत्या, उघड्यावर ठेवल्या तर कुणी जाळून टाकेल. सासूबाई छाती काढून म्हणाल्या, "आमच्याकडे ठेवा. घर आमचाच जवळ आसा." आणि फळ्या आमच्या पलंगामागे आल्या. त्या बैठकीत ताईने सगळं विचारलं होतं, पण दार लावायचं कुणी हे तेवढं विचारायचं राहिलं. त्यावर कुणी हात वर केला नव्हता. ते आपोआप ठरलं. फळ्या आमच्याकडे म्हणजे दार आमच्याकडे, आणि सासूबाईंचे गुडघे गेलेले, म्हणजे दार माझ्याकडे.

सुरुवातीला हेही मदतीला असायचे. मग संप लांबला, लांबतच गेला, आणि यांनी ठाण्याला एका कारखान्यात नोकरी धरली. शिफ्टची नोकरी. पाऊस काही शिफ्ट बघून पडत नाही. आभाळ भरून आलं की मी बाहेर जाऊन नाल्याकडे बघायची, पायऱ्यांवर पाणी कुठवर आलंय. दुसरी पायरी बुडली की पहिली फळी. खालची फळी आधीच टाकायला लागायची, कारण पाणी जोरात आलं की ती खाली बसत नसे, वर तरंगून येई. फळ्या फुगायच्या आणि खाचेत अडकायच्या, मग वरून वरवंट्याने ठोकायच्या. वरवंटा घरचाच. फटींत माती भरायची, मातीवर गोणपाट. हे सगळं डोक्यावर धो धो पाऊस घेत. मृगाच्या आधी फळ्यांना तेल पाजायचं, गॅरेजवाल्याकडून गाडीचं जुनं काळं तेल आणून. माझ्या नखांतून ते आषाढापर्यंत जात नसे.

आणि लोक? लोक चांगले होते. लोक आपापल्या दारातून ओरडायचे, "वहिनी, फळ्या!" कुणी माळ्यावर सामान चढवता चढवता ओरडे, कुणी मुलाला आंघोळ घालता घालता. पुढे पुढे तर मला नमस्कार-बिमस्कार कुणी करेना. उन्हाळ्यातसुद्धा नळावर भेटले की, "काय वहिनी, फळ्या काय म्हणतात?" मी हसून सोडून द्यायची. आतून मला फार राग यायचा. आपली वस्ती, आपली भिंत, आणि फळ्या वहिनींच्या. एकदा भिंतीला भेग गेली तेव्हा आम्ही महापालिकेच्या कार्यालयात गेलो, तर तिथला साहेब म्हणाला, भिंत तुमची आहे ना? तुम्हीच बघा. हे वाक्य त्याला कुणी शिकवलं ते आम्हाला ठाऊक होतं.

पण माझं दुखणं वेगळं होतं. आम्ही चौघी बहिणी. मी धाकटी. बाकीच्या तिघी गावाच्या आसपासच दिलेल्या. आमच्या गावात गौरीला लेकी माहेरी येतात. गौर घरात आली की मागोमाग लेकी येतात आणि आई दाराशी उभी राहून एकेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकते. लग्नानंतर मी एकदाही गौरीला गेले नव्हते. मे महिन्यात जायची. आई आंबे कापून पुढे ठेवायची आणि म्हणायची, "इलंस ता बरा झाला. पण सणाक येवक होया होता." सणाला यायला हवं होतं. दरवर्षी गणपतीला आमच्या वस्तीत राहणारे माझ्या गावचे एक काका गावी जायचे. ते परतले की आईचा निरोप आणायचे, आणि जाताना माझा न्यायचे. माझा निरोप ठरलेला. आईला सांगा, पाऊस संपला की येते.

मग आईला मोतीबिंदू झाला. दोन्ही डोळ्यांत. तालुक्याच्या डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं, आई घाबरून नाही म्हणाली. त्या वर्षी काकांनी निरोप आणला तो त्यांनी आईच्याच शब्दांत सांगितला. "दिसता तवसर सगळी चेडवां एका सणाक घरात बगूची आसत." दिसतंय तोवर सगळ्या मुली एका सणाला घरात बघायच्या आहेत. बस, एवढंच मागणं होतं. काका गेल्यावर मी भाकरी थापायला बसले आणि परातीत पिठाऐवजी मीठ घेतलं.

सासूबाईंना मी सांगितलं.  त्यांना वाईट वाटलं असावं, पण त्या काय करणार? त्यांची गौर त्या दारातून माहेरी यायची, आणि त्याच दारापायी मी माहेरी जाऊ शकत नव्हते. हे मला तेव्हा फार स्पष्ट दिसत होतं. गौरीच्या दिवशी त्या पायऱ्या धुऊन, हळदकुंकू वाहून तेरडा आणायच्या, आणि मी त्यांच्या पायांवर पाणी घालायची. देवीचाही राग यायचा मला. ओठ मिटून घालायची पाणी, इतकंच.

पुढच्या पावसाळ्यात एकदा दुपारी मी रॉकेलच्या रांगेत उभी होते. सकाळी ऊन होतं. अचानक अंधारून आलं आणि पाऊस असा सुटला की पुढचं दिसेना. माझा नंबर जवळ आला होता. घरात रॉकेलचा थेंब नव्हता. मी पाचेक माणसं पुढे सरकायची वाट बघितली आणि रॉकेल घेऊनच धावले. गल्लीत आले तर पाणी मांडीपर्यंत. सासूबाई दोन फळ्या टाकून तिसरीशी झुंजत होत्या. फळी तिरकी अडकलेली, वरवंटा पाण्यात पडलेला. सगळी गल्ली माळ्यांवर चढून बसलेली. मला बघून कुठल्याशा माळ्यावरून आवाज आला, "वहिनी, होतात कुठे तुम्ही?"

हातातला रॉकेलचा डबा मी नाल्यात भिरकावणार होते. भिरकावला नाही, कारण रॉकेल होतं. पण ओरडले. इतकी वर्षं गिळलेलं सगळं ओरडले. तुमचे हात काय मोडले होते का, इथवर म्हणाले. समोरून माझी मैत्रीण पाण्यात उतरली, तिने वरून आणि मी खालून अशी ती फळी सोडवली. पण आता फळ्या लावून उपयोग नव्हता, पाणी आत येऊन गेलं होतं. ती म्हणाली, "आता काढ, यार. काढ सगळ्या. आतलं जाऊ दे बाहेर." नाला उतरायला लागल्यावर आम्ही फळ्या काढल्या, आणि गल्लीतलं पाणी त्याच वाटेने भराभर बाहेर गेलं. गौरीचं दार नसतं तर ते पाणी भिंतीच्या आत आठवडाभर साचून राहिलं असतं.

पुन्हा बैठक. पुन्हा विहारापुढे. ताई आली होती, आता तिच्या केसांत एखाददुसरा पांढरा दिसत होता, आणि ती आमच्याइतकीच दमलेली वाटत होती. लोकांचं म्हणणं, दार बुजवा. विटा लावून टाका, झंझट नको. माझ्या मैत्रिणीने उठून सांगितलं, "बुजवलं तर पडलेला पाऊस जाणार कुठून? आमच्या चुलीतून?" ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, त्यामुळे बुजवायचं मागे पडलं. ताईने विचारलं, "मग जबाबदारी कुणाची?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगते, त्या क्षणी मला पळून जावंसं वाटलं.

सासूबाई भिंतीला हात टेकून उठल्या. "दार मिया मागलंय," त्या म्हणाल्या. "तेच्यात ह्या पोरीचो काय संबंध? माझी सून ह्या वर्षी सणाक म्हायेराक जातली. फळी सगळ्यांची, पाळी सगळ्यांची."

दार मी मागितलं, या पोरीचा काय संबंध. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा कुणासमोर आपल्या मागे घेतलं होतं. मी खाली बघत बसले, नाहीतर रडले असते.

सगळ्यांना पटलं. पटायला लोकांना वेळ लागत नाही. असं ठरलं की फळ्या घरोघर फिरायच्या. ज्याच्या घरी फळ्या, त्याची त्या आठवड्याची पाळी. आठवडा झाला की त्याने शेजारच्या घरात नेऊन द्यायच्या. दोन्ही रांगा. पुरुषांनी हात वर केले, बायकांनी केले, माळ्यावरून ओरडणाऱ्याने तर दोन्ही केले. ताई म्हणाली, हाच खरा सहभाग. दुसऱ्या दिवशी पलंगामागची भिंत मोकळी झाली. तिथे फळ्यांच्या आकाराचे काळे डाग राहिले होते. मी चुना लावून ते झाकले.

आणि मी गेले. काकांबरोबर, एसटीने, मधल्या वर्षांत झालेल्या माझ्या लेकीला मांडीवर घेऊन. माझ्या तिन्ही बहिणी आल्या होत्या. आई दाराशी उभी होती, हातात भाकरतुकडा. तिने प्रत्येकीच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघितलं. माझ्याजवळ जास्त वेळ थांबली. मग माझे हात हातात घेतले, तळवे चाचपले आणि म्हणाली, "हे कसले हात गो तुझे? थंय काय दगड फोडतंस?" मी म्हटलं, फळ्या उचलते. तिला वाटलं मी मस्करी करते.

गौरी जेवल्या त्या दुपारी पाऊस आला. कौलांवर, माडांवर, अंगणात. सगळ्या जेवून आडव्या झालेल्या, बहिणींच्या गप्पा चाललेल्या. मी कधी उठले मला कळलंच नाही. दारात जाऊन उभी राहिले, अंगणाच्या खालच्या पायरीकडे बघत. पाणी अंगणातून खाली शेतात जात होतं, शहाण्यासारखं. तरी मी तिथेच. आई आतून म्हणाली, "कोणाची वाट बगतंस गो?" मी म्हटलं, कुणाची नाही. तिने उठून मला हाताला धरून आत नेलं आणि आपल्या शेजारी निजवलं. आईच्या पदराला धुराचा वास येत होता. मला झोप लागली. किती वर्षांनी मी पाऊस पडत असताना झोपले होते. नंतर थोरली म्हणाली, आई तुला झोपलेली बघत बसली होती, अगदी जवळून.

मुलुंडला परत आले तेव्हा ऊन पडलं होतं. घरात शिरले आणि पहिल्यांदा वास आला, तेलाचा. फळ्या पलंगामागे होत्या. ओल्या. चुन्यावर पुन्हा काळे डाग उमटले होते. सासूबाई चुलीपाशी होत्या, डाव्या हाताला चिंधी बांधलेली. बोटाचं नख काळं पडलेलं.

मी विचारायच्या आधीच समोरून माझी मैत्रीण आली. तिने उभ्या उभ्याच सांगितलं. मी गेले आणि पाऊस लागला. ज्यांच्याकडे फळ्या होत्या त्यांच्या घराला कुलूप, तेही सणाला गावी गेलेले. जाताना फळ्या शेजारच्यांकडे टाकून गेले, शेजारी म्हणाले आमची पाळी पुढच्या आठवड्यात. "मी कामावर होते गं," ती म्हणाली. "आले तर म्हातारी खाचेत फळी बसवतेय, हात मध्ये सापडलेला, नि तरी ठोकतेय. नंतर फळ्या तिने कुणाकडे दिल्याच नाहीत. माझी पाळी होती, मलाही दिल्या नाहीत. म्हणते, ऱ्हवांदे." ती माझ्यावर रागावली होती की सासूबाईंवर की वस्तीवर, मला कळलं नाही. बहुतेक सगळ्यांवर, स्वतःला धरून.

ती गेल्यावर मी सासूबाईंसमोर बसले. चिंधी सोडली, गरम पाण्याने बोट धुतलं. त्या इकडेतिकडे बघत होत्या. आई कशी आहे, विचारलं. दिसतं का तिला, विचारलं. मी म्हटलं, "सगळ्यांनी हात वर केले होते ना? मग कुणी आलं का नाही?"

"येतत गो माणसां," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. "येतत. पण पाणी तेंच्या आधी येता."

फळ्या मी उन्हात नेऊन टाकल्या. वाळल्यावर परत पलंगामागे लावल्या, आणि या वेळी भिंतीला चुना लावला नाही.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी काका निघाले तेव्हा निरोप विचारायला आले. आईला आता सावल्याच दिसत होत्या, तिने म्हणे गावाहून आलेल्या कुणाकडून मुद्दाम विचारलं होतं, येतलंस मां, येशील ना? सासूबाई आतून म्हणाल्या, "जा तू. मी बगतंय." त्यांचा हात अजून नीट मिटत नव्हता. मी बाहेर आभाळाकडे बघितलं, आणि काकांना सांगितलं, आईला सांगा, पाऊस संपला की येते.